एका वाक्याच्या दोन गायी : आभासी रुग्णांच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

आज ठरलं ते एवढंच: पशुवैद्यकाच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या विद्यार्थ्यांसाठी संगणकावर चालतील असे आभासी रुग्ण तयार करायचे. आधी गाय, व्यायल्यावर बसलेली. मग मांजर. पुढचं पुढे.

गाय आधी घ्यायचं कारण असं की दुग्धज्वर, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम उतरून गाय बसणं, वेळापत्रकात बसवता येत नाही. बहुतेक गायी व्यायल्यानंतरच्या ७२ तासांत बसतात, आणि फोन येतो तो बहुधा रात्री. एखाद्या बॅचला चार गायी बघायला मिळतात, एखादी बॅच एकही न बघता डॉक्टर होऊन बाहेर पडते. शिकवण्यासाठी गायीचं कॅल्शियम मुद्दाम उतरवायचं, हा तर विषयच नाही. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली प्रयोगातल्या प्राण्यांसाठी तीन गोष्टी मांडल्या: पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. त्या प्रयोगशाळेसाठी होत्या. वर्गाला त्या लागू नाहीत असं कुणी म्हणणार नाही.

प्रोग्रामरचं म्हणणं, त्रिमितीय गाय करू, बोटाने फिरवून बघता येईल अशी. मलाही मोह झाला, कबूल करते.

१३ जानेवारी

त्रिमितीय गायीआधी गोष्ट तर चालते का बघू म्हणून मसुदा ट्वाइनमध्ये टाकला. शाखा फुटणाऱ्या गोष्टी लिहायचं हे मोफत साधन, क्रिस क्लिमास यांनी २००९ मध्ये काढलेलं. एक प्रसंग म्हणजे एक चौकोन, आणि चौकोनातून निघणारे बाण. प्रोग्रामर लागत नाही, त्यामुळे तो थोडा नाराज.

संध्याकाळी पडद्यावर नजर टाकली तर सगळे बाण एका सरळ रेषेत. बरोबर उत्तर दिलं की पुढे, चुकलं की एकच चौकोन: "हे योग्य नाही. पुन्हा प्रयत्न करा." ही वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिका झाली, फक्त वर गायीचं चित्र. गोठ्यातली गाय कुणाला "पुन्हा प्रयत्न करा" म्हणत नाही. चुकलं तरी ती पुढे चालूच राहते, चुकीच्या दिशेने.

तो चौकोन पुसला.

२० जानेवारी

पूर्ण आठवडा चुका लिहिण्यात गेला. बरोबर वाट दीड दिवसात झाली होती.

गाय पाचव्या वेताची, व्यायला १४ तास झालेले. छातीवर बसलेली, उठत नाही. आता विद्यार्थी काय काय करू शकतो?

एक, सलाईनची नळी पूर्ण उघडून कॅल्शियम भराभर सोडेल. एका बाटलीत साधारण ८ ते ११ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि ते मिनिटाला १ ग्रॅमच्या आसपास जावं, म्हणजे दहा-बारा मिनिटं तरी लागतात. या सगळ्या वेळात एक हात बाटलीला आणि कान स्टेथोस्कोपला. घाई केली तर आधी ठोके अडखळतात. त्या क्षणी नळी बंद केली तर गाय वाचू शकते. स्टेथोस्कोप लावलाच नसेल तर ठोके अडखळल्याचं विद्यार्थ्याला कळणारच नाही, म्हणून पडद्यावरही काही दिसता कामा नये. थेट गाय कोसळल्याचं दिसेल. हे लिहिताना जीवावर आलं, पण ते तसंच असतं.

दोन, तोंडातून कॅल्शियम पाजेल. या अवस्थेत गिळण्याचे स्नायूच ढिले पडलेले असतात. पाजलेलं फुप्फुसात जातं. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, दोन दिवसांनी न्यूमोनिया होऊन समोर येतो. म्हणजे केस "संपल्यावर" दोन दिवसांनी मालकाचा फोन यायला हवा. प्रोग्रामर म्हणाला, "मॅडम, केस संपल्यावर ती चालू कशी ठेवायची?" म्हटलं, तेच तर करायचंय.

तीन, आडवी पडलेली गाय आडवीच ठेवेल. कोठीपोटातला, म्हणजे गायीच्या पहिल्या मोठ्या पोटातला, वायू बाहेर पडत नाही, डावी भकाळी (पोटाची बाजू) फुगत जाते, आणि पोटातलं तोंडात येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका. तिला आधी छातीवर बसवून आधार द्यायचा, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि म्हणून वाचलं जात नाही.

चार, सगळं बरोबर करून वीस मिनिटांत निघून जाईल. साधारण चारांतली एक गाय पुन्हा बसते. कारण साधं आहे. गायीच्या रक्तद्रवात सगळं मिळून ३ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि १० लिटर चिकातून २० ग्रॅमच्या वर निघून जातं. आपण बाटलीतून दिलं ते तात्पुरती उसनवारी. हाडांतून आणि आतड्यातून कॅल्शियम येण्याची यंत्रणा जागी व्हायला वेळ लागतो. तोवर मालकाने कास पूर्ण रिकामी केली तर पुन्हा तेच. त्यामुळे निघताना मालकाला काय सांगितलं, हाही केसचाच भाग.

चौकोन आता ९० च्या पुढे गेले आहेत.

२९ जानेवारी

सहा विद्यार्थ्यांवर पहिली चाचणी. सगळे सहाच्या सहा पहिल्या मिनिटात "दुग्धज्वर". मी खूश. मग एकीला विचारलं, "कशावरून?" ती म्हणाली, "फोटोवरून, मॅडम. मान वळलेली आहे ना, पुस्तकात आहे तशी."

सुरुवातीला लावलेला फोटो! मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळवून पोटाशी घेतलेली गाय. जगातल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात हीच असते. आम्ही प्रश्नाच्या आधी उत्तर छापलं होतं.

फोटो काढून टाकला. त्रिमितीय गायीचा बेतही त्याच्याबरोबर गेला. प्रोग्रामरला वाईट वाटलं, पण गाय जितकी हुबेहूब तितकी ती न विचारता बोलते, हे त्यालाही पटलं.

५ फेब्रुवारी

फोटोऐवजी शब्द. वाटलं होतं सोपं जाईल.

मी लिहिलं: "गाय मलूल आहे." मग थांबले. "मलूल" हे मी बघितलेलं नाही, मी काढलेला निष्कर्ष आहे. बघितलं काय? कान खाली, डोळे अर्धवट मिटलेले, माणूस जवळ गेला तरी मान वळवत नाही. "कान थंड" हेही पडद्यावर आपोआप येता कामा नये. थंडपणा दिसत नाही, हात लावावा लागतो. "नाकपुडी कोरडी" चालेल, ती दिसते. "शेण घट्ट आणि थोडं" हे गायीच्या मागे जाऊन बघणाऱ्यालाच.

माणसांच्या डॉक्टरांचे आभासी रुग्ण बघितले होते. तिथे रुग्ण स्वतः बोलतो: छातीत दुखतंय, कालपासून. आमच्याकडे रुग्ण मुका आणि बोलणारा दुसराच. मालक खोटं बोलत नाही, पण त्याने पाहिलं तेवढंच आणि त्याच्या शब्दांत सांगतो. "रवंथ करत नाही" हे तो न विचारता सांगेल. "वार पडली का" हे विचारलं तरच. "ताप आलाय डॉक्टर" असंही म्हणेल, कारण आजाराच्या नावातच ज्वर आहे. थर्मामीटर लावला तर ३७.४ अंश सेल्सियस, गायीसाठी कमीच. नावात ताप आणि अंग गार. या नावाने किती विद्यार्थ्यांना फसवलं असेल!

तर नियम असा केला: मालकाच्या तोंडी बोलीतले शब्द, तपासणीत फक्त डोळ्या-कानांना-हाताला कळेल ते, आणि निदानाचा एकही शब्द आमच्याकडून नाही. या नियमाने जुना मजकूर तपासला तर अर्ध्याहून जास्त वाक्यं पडली.

१२ फेब्रुवारी

दुसरी चाचणी. आता नवीच रोगराई: तपासणीच्या यादीतली सगळी बटणं वरून खालपर्यंत दाबत जायचं. एकाने गायीचा एक्स-रेसुद्धा मागवला. त्याला दोष देत नाही, बटण होतं म्हणून दाबलं. यादी समोर ठेवणं म्हणजेही सांगणंच.

दोन बदल. यादी काढली, रिकामी चौकट ठेवली. काय बघायचं ते स्वतः टाइप करा. आणि प्रत्येक गोष्टीला मिनिटं लावली. कोठीपोट ऐकायचं तर पूर्ण दोन मिनिटं, कारण निरोगी गायीतही मिनिटाला एखाद-दोनच हालचाली होतात. अर्धा मिनिट ऐकून "हालचाल नाही" म्हणणारे प्रत्यक्षातही खूप आहेत. रक्ताचा नमुना बाहेर पाठवला तर रिपोर्टला काही तास.

आणि घड्याळ चालू असताना गायीचं वजनही चालू असतं. पाच-सहाशे किलोची गाय कठीण जमिनीवर एकाच बाजूला काही तास बसली की खालच्या पायाचे स्नायू दबून मरायला लागतात. मग कॅल्शियम वर आलं तरी ती उठत नाही. रिपोर्टची वाट बघत बसलेल्याला शेवटी अचूक आकडा मिळतो आणि न उठणारी गाय.

आतलं गणित मात्र साधंच ठेवलंय. प्रोग्रामरला शरीरक्रियेची समीकरणं मांडायची होती. मी म्हटलं, पाच खाती पुरे: वेळ, कॅल्शियम, हृदय, पोटातला वायू, स्नायूंची हानी. प्रत्येक कृती या पाचांत काहीतरी जमा-खर्च करते.

१९ फेब्रुवारी

रिकाम्या चौकटीची किंमत: तापमान, ताप, टेंप, टेम्परेचर, थर्मामीटर, "गुदद्वारातील तापमान", आणि निम्मे जण हे सगळं रोमन लिपीत ठोकणारे. समानार्थी शब्दांचा कोश करणं हेच आठवडाभराचं काम. कंटाळवाणं. झालं.

३ मार्च

ही नोंद सविस्तर, कारण प्रकल्पाचा कणा इथे सापडला.

पहिली गाय आता चांगली चालते, आणि तोच त्रास. तिसऱ्या वेळेला विद्यार्थी धाडधाड बाटली लावतात. तेव्हा दुसरी गाय लिहिली. उघडते ती अक्षरशः त्याच वाक्याने: "डॉक्टर, गाय काल रात्री व्यायली, सकाळपासून बसली ती उठत नाही." तेच वेत, तेच तास. कान थंड, तापमान कमी, कोठीपोट शांत. वरवर बघणाऱ्याला काही फरक नाही.

फरक कासेत. मागच्या एका सडातून दुधाऐवजी पिवळसर पाणी. कोलाय जंतूंचा कासदाह, त्यांचं विष रक्तात उतरलेलं, गाय शॉकमध्ये. डोळे खोल गेलेले, डोळ्यातल्या शिरा लाल, शेण पातळ. सुरुवातीला ताप असतोही, पण शॉकमध्ये गेली की अंग गार पडतं आणि ती थेट पहिल्या गायीसारखी दिसते.

हिला शिरेतून कॅल्शियम भरभरून देणं धोक्याचं. विषाने आधीच दमलेलं हृदय ते पेलत नाही. आणि गंमत म्हणजे हिचंही रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. म्हणजे "रिपोर्ट मागवा" म्हणून सुटका नाही, रिपोर्ट उलट चुकीच्या वाटेला दुजोराच देईल. हिला हवंय ते वेगळं: ७.२ टक्के तीव्रतेचं मिठाचं सलाईन शिरेतून, किलोला ४-५ मिली, म्हणजे साधारण दोन लिटर, पाठोपाठ भरपूर पाणी, सूज आणि वेदना उतरवणारं औषध, कास वरचेवर रिकामी करणं, प्रतिजैविकाचा विचार.

ज्या सहा जणांनी पहिली गाय सोडवली होती त्यांनाच दिली. कासेला हात फक्त एकीने लावला. बाकीच्यांची गाय कॅल्शियम चालू असताना गेली.

एक जण चिडला. "सर्वसामान्यपणे दुग्धज्वरच असतो ना, मॅडम? मग ही फसवणूक झाली." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. व्यायल्यावर लगेच बसलेली गाय बहुधा दुग्धज्वराचीच. पण मी त्याला दोन्ही केसमधली त्याचीच नोंद दाखवली. पहिल्या गायीतही त्याने कास बघितली नव्हती. तिथे त्याचं निदान बरोबर आलं, तपासणी अपुरीच होती. पहिल्या केसने त्याला शाबासकी दिली, म्हणजे चूक आमच्या पहिल्या केसचीही.

यावरून ठरवलं की गायी यापुढे जोडीनेच द्यायच्या, आणि क्रम दरवेळी चिठ्ठी टाकल्यासारखा. कुणाला आधी कुठली येईल ते माहीत नको.

११ मार्च

तिसरी बहीणही लिहिली: अवघड प्रसूती, मोठं वासरू, ओढून काढलेलं. ही गाय डोळ्यांनी टवटवीत, चारा खाते, पुढच्या पायांवर सरकते, मागचे पाय फाकतात. कटिभागातल्या नसेला दुखापत. पटकन झाली, कारण हिला ओळखणं अवघड नाही, मालकाला "वासरू कसं झालं?" एवढं विचारलं की झालं.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "पडद्यावर गाय बघून डॉक्टर होतात का?" नाही होत. शीर सापडणं, सड पिळणं, गुदमार्गातून हात घालून गर्भाशय ओळखणं हे पडद्याचं काम नाहीच. त्यासाठी साराह बेली यांनी ब्रिटनमध्ये हॅप्टिक काऊ केली. पडद्याऐवजी बोटाला स्पर्श जाणवून देणारं यंत्र. हाताचं काम हाताच्या यंत्राने. आमचं काम विचाराच्या क्रमाचं. कुक, अर्विन आणि ट्रायोला यांनी २०१० मध्ये वैद्यकीय शिक्षणातल्या आभासी रुग्णांवरचे अभ्यास एकत्र तपासले. काहीच न शिकवण्यापेक्षा फायदा खूप, पण संगणकाशिवायच्या चांगल्या शिकवण्याशी तुलना केली तर फरक थोडासाच, असं त्यांना दिसलं. सहकाऱ्यांना तेच सांगितलं. ते म्हणाले, "मग एवढा खटाटोप?" म्हटलं, तुम्ही रात्री दोनला सगळ्या बॅचला गोठ्यात नेणार असाल तर मी आज थांबवते.

२४ मार्च

मांजर. सुस्त, चेहरा आणि पंजे सुजलेले, हिरड्या तपकिरी. मालकीणबाईंनी आदल्या दिवशी अंग गरम लागलं म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी दिलेली. मांजराच्या यकृतात हे औषध निकामी करायची मुख्य वाट फारच अरुंद असते, म्हणून एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, हिरड्यांचा रंग त्याचाच.

इथे तपासणी सोपी, विचारणं अवघड. "तुम्ही कुठलं औषध दिलंत का?" असं विचारलं तर बाई म्हणतात, "नाही हो, काही नाही." विद्यार्थी पुढे जातो. "ती आजारी वाटल्यावर घरी काय काय करून बघितलंत?" असं विचारलं तर जरा थांबून सांगतात. दोन वाक्यांत फरक एवढाच की पहिल्यात आरोप आहे. प्रोग्रामरला हे चौकटीतून कसं ओळखायचं ते समजेना. शेवटी इथे टाइप करणं सोडलं आणि प्रश्नांचे चार-चार पर्याय दिले, सगळे सभ्य दिसणारे. नियम मोडला, पण इथे तो मोडायलाच हवा होता.

७ एप्रिल

गुण काढून टाकले. आकडा दिसला की विद्यार्थी आकड्याशी खेळतात, गायीशी नाही. त्याऐवजी उपचाराचं बटण दाबण्याआधी एक ओळ लिहायची सक्ती: "माझं निदान चुकीचं असेल तर मला काय सापडेल?" पहिल्याच दिवशी एकाने लिहिलं, "काही नाही." तो दुसऱ्या गायीवर होता.

शेवटी विद्यार्थ्याची वाट आणि मी स्वतः चाललेली वाट शेजारी शेजारी दिसतात, वेळेसकट. माझी वाट रेकॉर्ड करताना पहिल्या वेळेला मीही कोठीपोट दोन मिनिटं ऐकलं नाही. तीच ठेवली आहे.

१६ एप्रिल

आज पूर्ण वर्गासह जोडी चालवली. ठीक झालं, दोनदा सर्व्हर बसला, उठला.

मधेच मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने हात वर केला. तिने चौकटीत काहीतरी लिहिलं होतं आणि उत्तर येत होतं, "या प्रश्नाची माहिती उपलब्ध नाही." आमचा कोश तोकडा पडला असेल म्हणून मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिने लिहिलं होतं: "वासराला चीक पाजला का?"

तीन महिने आम्ही त्या गोठ्यात होतो. पाच खाती, शंभरावर चौकोन, तीन गायी, आणि वासरू कुठेच नाही. आई १४ तासांपासून व्यायलेली आणि सकाळपासून बसलेली. वासराच्या आतड्यातून चिकातली संरक्षक द्रव्यं रक्तात जायची वाट पहिल्या काही तासांनंतर अरुंद होत जाते आणि दिवसभरात बंद होते. त्याचं घड्याळ आईच्या घड्याळापेक्षा कडक. आणि दुसऱ्या गोठ्यात चीक कुठल्या सडाचा पाजला, हा आणखी वेगळाच प्रश्न.

तिला म्हटलं, आज उत्तर नाही, पुढच्या आठवड्यात असेल.

प्रोग्रामरला निरोप पाठवला: सहावं खातं उघड. नाव वासरू, वय १४ तास, बांधलेलं बाजूच्या खोलीत. विद्यार्थ्याने विचारेपर्यंत त्याचा आवाज ऐकू येऊ द्यायचा नाही.